काठी कुणाच्या हातात होती?

आमच्या टेकडीवर सध्या एका पाटीवरून वाद चालू आहे. पाटी अजून लागलेली नाही, पण तिच्यावर काय लिहावं आणि मुळात ती लावावी का, यावरून सकाळच्या कट्ट्यावरची माणसं दोन गटांत वाटली गेली आहेत. लागण्याआधीच पाटी गाजणं हे पुण्याच्या रीतीला धरूनच झालं म्हणायचं. निमित्त झालं चार वर्षांच्या एका लॅब्रेडॉरचं. जूनमधला पहिला चांगला पाऊस होऊन गेला होता, माती मऊ होती. मालकांनी नेहमीप्रमाणे ग्लिरिसिडियाची एक वाळकी फांदी उचलली आणि उतारावर भिरकावली. फांदी टोकावर पडली आणि मातीत रुतून तिरकी उभी राहिली. कुत्रा सुसाट निघाला होता, त्यानं तोंड उघडं ठेवूनच झेप घेतली. एक किंकाळी, थोडं रक्त, आणि पाच मिनिटांनी शेपूट पुन्हा हलायला लागली. संध्याकाळी तो जेवलाही. ‘टाळूला जरा खरचटलं असेल’ म्हणून विषय मिटला. बारा दिवसांनी त्याच्या गळ्याखाली लिंबाएवढी गाठ आली, अंग तापलं, आणि भूल देऊन मान उघडल्यावर आतून बोटभर लांबीची ढलपी निघाली. कुत्रा वाचला. त्याचे टाके वाळायच्या आत कट्टा मात्र पेटला.

पहिला गट म्हणतो, हे सगळे लाडावलेले नखरे आहेत. कुत्रा म्हणजे लांडग्याची अवलाद. तो हाडं फोडतो, काट्याकुट्यांतून हिंडतो, त्याला काठीचं कसलं भय घालता? दुसरा गट म्हणतो, आम्ही सांगतच होतो, टेकडीवर कुत्री मोकळी सोडूच नयेत, पट्ट्यानं मुकाट फिरवून घरी न्यावीत आणि हे फेकाफेकीचे खेळ एकदाचे बंद करावेत. दोघंही तावातावानं बोलतात आणि दोघंही बोलतात ते कुत्र्याबद्दल. त्याचा स्वभाव, त्याची ताकद, त्याचा आगाऊपणा. त्या सकाळी फांदी निवडली कुणी, उचलली कुणी, भिरकावली कुणी, हे कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. खेळ चालू राहावा, अगदी जोरात चालू राहावा. पण वाटेत सापडलेली वस्तू, मग ती काठी असो, दगड असो, करवंटी असो की पाण्याची रिकामी बाटली, कुत्र्यासाठी फेकू नये. आणि फेकलीच, तर पुढे जे होईल त्याला अपघात म्हणू नये.

‘पण त्याला आवडतं हो!’ हे पहिलं उत्तर असतं, आणि ते खरंही आहे. लॅब्रेडॉरला फेकलेलं आणून द्यायला इतकं आवडतं, की आपला हात दुखायला लागतो तरी त्याचं मन भरत नाही. प्रश्न असा, की ही आवड त्याच्यात आली कुठून? कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या थंड किनाऱ्यावर मासेमारांच्या कुत्र्यांना गळावरून निसटलेले मासे आणि नावेची दोरं पाण्यातून ओढून आणायचं काम असे. लॅब्रेडॉर त्यांचाच वंशज. १८६८ साली स्कॉटलंडमध्ये डडली मार्जोरीबँक्स या जमीनदारानं, जो पुढे लॉर्ड ट्वीडमाऊथ झाला, आपल्या गिसाचन इस्टेटीवर ठरवून पैदास केली आणि त्यातून गोल्डन रिट्रीव्हरची जात उभी राहिली. या शिकारी लोकांना हवं होतं तरी काय? बंदुकीनं पाडलेला पक्षी जो दात न रुतवता तोंडात धरेल, झुडपातून, दलदलीतून वाट काढत मालकापाशी येईल आणि त्याच्या हातात देईल, असा कुत्रा. जरा विचार करून पाहा. मांसाहारी प्राण्याच्या तोंडात ताजं, गरम मांस आहे आणि तो ते न खाता दुसऱ्याला नेऊन देतो! हे घडवायचं तर पिढ्यान् पिढ्या एकच गोष्ट त्याच्यातून काढून टाकावी लागते. ‘हे मला सोसेल का, माझ्या उपयोगाचं आहे का’ हा प्रश्न. तो प्रश्न माणसाकडे, आणायचं काम कुत्र्याकडे, अशी ती वाटणी आहे. तिला निसर्ग म्हणायचं असेल तर म्हणा, पण तो जेमतेम दीडशे वर्षांचा आणि माणसानं बेतलेला निसर्ग आहे.

खरोखरचा जुना स्वभाव पाहायचा असेल तर आपल्या गावठी कुत्र्याकडे पाहा. माझ्याकडे सध्या बंड्या नावाचा गावठी आहे. त्याच्यासाठी काठी फेकली की तो काठीकडे पाहतो, माझ्याकडे पाहतो आणि खाली बसतो. ‘तुलाच नको होती ना?’ असा साधारण भाव असतो. मुधोळ असो की कारवान, दख्खनच्या पठारावरची ही शिकारी कुत्री पळत्या सशामागे वाऱ्यासारखी सुटतात, पण निर्जीव लाकूड दहादा आणून देण्यात त्यांना सहसा राम वाटत नाही. आपल्या गोष्टींतला सगळ्यांत लाडका कुत्रासुद्धा पोळी आणून देणारा नाही, पळवून नेणारा आहे. तूप लावायचं राहिलं म्हणून वाटी घेऊन त्याच्यामागे धावले ते नामदेव. तेव्हा ‘कुत्रं म्हटलं की काठी आणणारच’ हे वाक्य निसर्गाचा दाखला म्हणून कुणी ऐकवू नये. जो कुत्रा आणतो, तो आपल्या शब्दाखातर वस्तूची पारख सोडून देतो. त्याची पारख आपण काढून घेतली असेल, तर ती आपल्याकडे असायला नको का?

ही गोष्ट ज्यांनी ध्यानात घेतली नाही त्यांचं काय झालं, याचं एक भयंकर उदाहरण दुसऱ्या महायुद्धात आहे. १९४१ साली जर्मन रणगाडे चालून आले तेव्हा सोव्हिएत सैन्यानं पाठीवर स्फोटकं बांधलेली कुत्री त्यांच्यावर सोडली. रणगाड्याखाली खाऊ ठेवून त्यांना तिथे शिरायला शिकवलं होतं. पण सराव झाला होता तो आपल्याच, डिझेलवर चालणाऱ्या रणगाड्यांवर. जर्मनांचे रणगाडे पेट्रोलवर चालत. ऐन धुमश्चक्रीत काही कुत्री ओळखीच्या वासाकडे वळली, काही आवाजाला घाबरून, जिथे कायम आसरा मिळाला त्या आपल्याच खंदकांत परत आली, पाठीवरच्या ओझ्यासकट. त्या कुत्र्यांनी आज्ञाभंग केला असं कोण म्हणेल? त्यांनी शिकवलेलंच केलं. आता याच्या उलट बाजूला मुंबईचा जंजीर ठेवून पाहा. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या या कुत्र्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिले. २००० साली तो गेला तेव्हा त्याला सन्मानानं निरोप दिला गेला. तो लॅब्रेडॉर होता, म्हणजे आणून देण्यासाठीच घडवलेल्या जातीचा. पण स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्याला पक्कं शिकवावं लागतं ते हेच, की वास लागला की तिथंच थांबायचं. तोंड लावायचं नाही, उचलायचं नाही, आणायचं तर मुळीच नाही. ज्यांचा जीव कुत्र्याच्या तोंडावर अवलंबून असतो, ते त्या तोंडात काय जाऊ द्यायचं याबद्दल इतके काटेकोर असतात. आपण मात्र टेकडीवर पायाखाली येईल ते उचलून फेकतो.

आता समोरच्या बाजूचा एक दमदार मुद्दा घेऊ. ‘तीस वर्षं कुत्री पाळतोय, हजारो काठ्या फेकल्या, कधी काही झालं नाही.’ मी हे हसण्यावारी नेत नाही. बहुतेक काठ्या आडव्या पडतात, बहुतेक कुत्री त्या नीट उचलतात, आणि असं भोसकलं जाणं हे रोजचं नाही, हे मान्यच करायला हवं. जोखीम मोठी आहे असा माझा दावाच नाही. पण ‘कधी काही झालं नाही’ या साक्षीत एक खोट आहे. काठीची इजा दोन तऱ्हांनी होते. एक लगेच दिसणारी: घशाच्या मागच्या भिंतीत, जिभेखाली, कधी अन्ननलिकेपर्यंत टोक घुसतं, रक्त येतं, कुत्रा गिळेनासा होतो. दुसरी गुपचूप राहणारी: जखमेचं तोंड मिटतं, ढलपी आतच राहते, मांसातून सरकत जाते आणि दोन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी मानेवर किंवा जबड्याखाली गळू धरतं. त्यातून लाकूड साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसतच नाही. सोनोग्राफी, सीटी स्कॅनपर्यंत जावं लागतं. औषधानं गळू बसतं, औषध थांबलं की पुन्हा येतं. या सगळ्यात त्या जून महिन्यातल्या सकाळची आठवण कुणाला राहणार? काठी आपला पुरावा आपणच बुजवते. म्हणून ‘माझ्या कुत्र्याला कधी झालं नाही’ यातला निदान काही भाग ‘माझ्या कधी ध्यानात आलं नाही’ असा वाचावा लागतो. ब्रिटनमधले पशुवैद्य काठ्या फेकू नका म्हणून वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. टेबलावर आलेली कुत्री पाहूनच ते सांगतात, काठीशी त्यांचं काय वैर असणार?

आणि ‘कुत्रा स्वतःहूनही काठ्या चघळतोच की’ या उत्तरात वेगाचा हिशेब चुकतो. बसल्या जागी पुढच्या पंजांत धरून चघळलेल्या काठीनं हिरडी सोलवटते, तुकडा टाळूत दोन दाढांच्या मधे आडवा अडकतो, हे होतं. पण फेकलेल्या काठीकडे तोच कुत्रा ताशी तीस किलोमीटरनं जातो आणि कधी टोक जमिनीत रोवलेलं असतं. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो, हे शाळेत शिकलेलं गणित इथे लागू पडतं. सुरी टेबलावर असणं वेगळं आणि कुणीतरी ती आपल्यासमोर उभी धरून ‘धाव’ म्हणणं वेगळं.

काठीवरच थांबलो तर लेख अर्धाच राहील, कारण आपल्याकडे फेकल्या जाणाऱ्या चिजा काही परदेशी पुस्तकांतून आलेल्या नाहीत. मे महिन्यात आंबा खाऊन झाला की कोय गंमत म्हणून कुत्र्यापुढे टाकायची; ती बुळबुळीत असते, गोड असते, आणि मोठं कुत्रं ती अख्खी गिळतं. जठरातून निघून ती लहान आतड्यात जाऊन बसते आणि वाट बंद होते. पावसाळ्यात सिंहगडावर, लोणावळ्याला, टेकडीच्या पायथ्याशी, जिथे म्हणून भाजलेलं कणीस मिळतं तिथे दाणे खाऊन उरलेला दांडा कुत्र्यासाठी भिरकावणारे हात असतात. तूप-मिठाचा वास लागलेला तो दांडा कुत्रा दोन तुकड्यांत गिळतो. पोटात तो पचत नाही, एक्स-रेत धड दिसत नाही, आणि कुत्रा तीन दिवस ओकत राहिल्यावर ‘बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल’ एवढंच निदान घरी होतं. बाहेरचं खरंच, पण दिलं कुणी? संक्रांतीनंतर मांजाचे गुंते सापडतात, पोरं त्यांचा चेंडू करून फेकतात. दोरा गिळला तर त्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी नाही तर जठरात अडकतं, उरलेला आतड्यात उतरतो, आणि नाडी ओढल्यावर पायजम्याच्या नेफ्याला चुण्या पडतात तशा आतड्याला चुण्या पडतात. नायलॉनचा दोरा असेल तर तो त्या चुण्यांमधून आतडं कापत जातो. सोसायटीच्या बागेतली कण्हेर तर प्रत्येक कुंपणाला लावलेली. पान, फूल, फांदी, सगळं झाड हृदयावर परिणाम करणाऱ्या विषानं भरलेलं. पिवळ्या कण्हेरीच्या ज्या बिट्ट्यांनी आपण लहानपणी खेळलो त्याही तशाच. तिचीच फांदी मोडून कुत्र्याच्या तोंडात देणारा माणूस दुष्ट नसतो, त्याला झाड ओळखता येत नसतं एवढंच. आमच्या टेकडीवर ज्याची लाकडं जागोजागी पडलेली असतात त्या ग्लिरिसिडियाचं मराठी नाव उंदीरमारी आहे, हे तरी फेकणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल?

दगडांबद्दल मी जास्त बोलायला नको, कारण त्यात मीच आरोपी आहे. बंड्याच्या आधी आमच्याकडे लॅब्रेडॉर होता. सुट्टीत गावी गेलो की नदीच्या पात्रात मी त्याच्यासाठी गोटे फेकायचो. तो मान पाण्याखाली घालून नेमका तोच गोटा शोधून आणायचा, आणि काठावरची पोरं टाळ्या वाजवायची. मला त्या टाळ्यांची चटक लागली होती, हे आज कबूल करतो. आठ वर्षांचा झाल्यावर तो खाणं टाकून एका बाजूनं चावायला लागला. डॉक्टरांनी ओठ वर करून दाखवला. चारही सुळे झिजून बोथट झालेले आणि वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेचा, जिनं कुत्रा मांस कापतो तिचा, बाहेरचा पापुद्रा उडून मगज उघडा पडलेला. कुत्र्याच्या दातावरचं कवच एक मिलिमीटरही जाड नसतं, आपल्या दातापेक्षा कितीतरी पातळ. मी म्हणालो, वय झालं हो त्याचं. ते म्हणाले, तो काय खेळतो? मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त दाढ काढायची तारीख दिली. एवढा दुखरा दात घेऊनही तो मागच्या सुट्टीत गोटे आणत होता. ‘त्रास होत असता तर त्यानंच सोडलं असतं’ हा युक्तिवाद कुणी केला की मला तो ओठ आठवतो.

समोरच्या बाजूचा दुसरा मुद्दा मला ‘कधी काही झालं नाही’पेक्षाही वजनदार वाटतो. शहरातली कुत्री दिवसभर दोन खोल्यांत बंद असतात, लठ्ठ होतात, कंटाळतात. कंटाळलेलं कुत्रं मोजे गिळतं, सोफा फाडतं, चार्जरची वायर कुरतडतं. अशा कुत्र्याच्या मालकाला घाबरवून त्याचा खेळ बंद पाडला, तर एक जोखीम टाळायला चार जोखमी घरात आणल्या असं होईल. अगदी बरोबर. म्हणूनच मी दुसऱ्या गटाच्या बाजूला नाही. ‘पट्टा लावा आणि मुकाट चालवा’ म्हणणाऱ्यांनी कुत्र्याचा विचार केलेला नसतो, त्यांना टेकडी शांत हवी असते. ती हवीशी वाटणं गैर नाही, पण त्याला प्राणिप्रेमाचा मुलामा कशाला? बंदी घालणं सोपं असतं, कारण त्यात काय फेकावं याचा विचार करावा लागत नाही. आपल्याकडे याहून शहाणपणाचा एक दाखला आहे. नायलॉन मांजानं पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवरच्या माणसांचे गळे कापले जाऊ लागले, तेव्हा २०१७ च्या जुलैत राष्ट्रीय हरित लवादानं देशभर त्या मांजावर बंदी घातली. पतंगावर घातली का? संक्रांतीचं आभाळ आजही भरतं. चोरून नायलॉन विकणारे आहेत, ते पकडलेही जातात. पण ‘पतंग हवा की गळा’ असा खुळा प्रश्न कुणी विचारत नाही. खेळ तोच ठेवून दोरा बदलायचा, एवढी साधी गोष्ट होती. काठीच्या बाबतीत तीच गोष्ट सांगितली की दोन्ही गटांना ती फारच साधी वाटते, भांडायला काही उरत नाही म्हणून असेल.

दोरा बदलायचा तर कोणता? इथे लोक टेनिसचा चेंडू पुढे करतात, आणि तोही निर्धोक नाही. त्याच्या लोकरी अंगात माती, वाळू भरते आणि तो दातांवर पॉलिश पेपरसारखा चालतो. त्याहून वाईट म्हणजे मोठ्या कुत्र्याच्या घशात तो अख्खा बसतो. लाळेनं बुळबुळीत झालेला चेंडू हवेत झेलताना मागे सरकला की श्वासनलिकेचं तोंड बंद, आणि बोटांनी तो ओढावा तर निसटतो. डॉक्टरांकडे पोचायला जी मिनिटं लागतात ती त्या कुत्र्याकडे नसतात. चेंडू घ्यायचाच तर सुळ्यांच्या मागे जाणार नाही इतका मोठा, भरीव रबराचा, शक्यतो आरपार भोक असलेला. शिकारी कुत्री तयार करणारे लोक तर चेंडूच्या आणि काठीच्या वाटेलाच जात नाहीत. ते जाड कापडाची भरलेली गुंडाळी वापरतात आणि काम झालं की ती कुत्र्याकडून काढून घेऊन पिशवीत टाकतात. शंभरेक वर्षांच्या अनुभवातून आलेली ही रीत आहे, आणि तिच्यात ‘काढून घेतात’ हा भाग कापडाइतकाच मोलाचा आहे. खेळ संपल्यावर चघळायला सोडलेलं कापड म्हणजे पुन्हा पोटात दोरा.

‘म्हणजे दोन हजारांची परदेशी खेळणी घ्या, असंच ना? काठी फुकट आहे, मातीत मिसळते, तुमचं रबर हजार वर्षं राहतं.’ हा टोमणा मला आवडतो, कारण त्यात चीड खरी आहे. कुत्र्याच्या नावावर पैसे काढणारा एक मोठा बाजार उभा राहिला आहे आणि त्यातली अर्धी खेळणी पहिल्या आठवड्यात फाटून, आतली प्लास्टिकची शिट्टी कुत्र्याच्या पोटात जाऊन, स्वतःच धोका बनतात. पण फुकटच हवं असेल तर जुन्या जीन्सचा पाय आहे. गुडघ्यापासून खाली कापायचा, चिंध्या ठासून भरायच्या, दोन्ही तोंडं जाड दोऱ्यानं दुहेरी शिवायची. चेन, बटण, रिबिट काहीही ठेवायचं नाही. ज्या घरात गोधडी शिवली जाते त्या घरात हे शिकवायला लागत नाही. आणि काठीवाल्यांनी पर्यावरणाची काळजी करावी याचं मला नेहमी नवल वाटतं. तेच लोक काठी मिळाली नाही की पाण्याची बाटली फेकतात.

‘आमच्या आजोबांच्या वेळी असलं काही नव्हतं’ हाही सूर असतोच. २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या शहराला हा सूर ओळखीचा आहे, मी त्याच शहराचा आहे आणि मलाही सक्तीचा कंटाळा येतो. पण हेल्मेटच्या वादात डोकं स्वतःचं असतं. मी हेल्मेट न घालता पडलो तर निदान निर्णय माझा होता असं म्हणता येतं. इथे निर्णय माझा आणि घसा दुसऱ्याचा आहे. त्या दुसऱ्यानं कधी होकार दिला? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं तिसरं कलम सांगतं, की प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्यानं त्याच्या भल्यासाठी आणि त्याला विनाकारण वेदना होऊ नयेत यासाठी शक्य ते उपाय करायचे. ते कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. काठी फेकणाऱ्याला कोर्टात खेचा असं मी म्हणत नाही, ते हास्यास्पद होईल; त्याच कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे, तेव्हा त्याची जरब तरी किती असणार? पण कायद्यानं काळजीचा भार कुणाच्या खांद्यावर ठेवला आहे, एवढं तरी वाचावं.

या वादात ज्यांचं नावही येत नाही अशी कुत्री म्हणजे टेकडीवरची, कुणाचीच नसलेली. पाळलेल्या लॅब्रेडॉरची मान उघडायला मालक होता, त्याच्याकडे पैसे होते. रविवारी सहलीला आलेली मंडळी भटक्या पिल्लांशी खेळायला म्हणून हातातलं काहीही फेकतात: आइस्क्रीमची काडी, चिकनचं शिजलेलं हाड, बाटलीचं झाकण. ती पिल्लं शिकतात, माणसाच्या हातातून येतं ते चांगलं असतं. दिवाळीत हीच शिकवण अंगाशी येते. न उडालेला फटाका पोरांनी लांब फेकला की त्यामागे धावणारं एखादं पिल्लू असतंच. गावाकडे तर गोष्ट आणखी पुढे गेलेली आहे. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात रानडुकरांसाठी चरबी लावलेले गावठी बॉम्ब चोरून ठेवले जातात, आणि डुकराआधी ते कुत्र्याला सापडतात. वास येतो म्हणून कुत्रं ते उचलतं, कधी तोंडात धरून थेट वस्तीकडे, दाराकडे निघतं. पेटलेला सुरुंग मालकाला परत आणून देणाऱ्या कुत्र्याचा विनोद जगभर सांगितला जातो. ज्या अंगणात पोरं खेळत असतात तिथे तो विनोद राहत नाही. तिथल्या माणसाला ‘सोड’ म्हटल्यावर सोडणारं कुत्रं हवं, आणि ‘सोड’ हा शब्द शहरात आपण ‘आण’च्या दहावा हिस्साही शिकवत नाही.

राहता राहिली पाटी. मला विचाराल तर लावावी, पण ‘कुत्र्यांना मनाई’च्या थाटात नाही. मी कट्ट्यावर मजकूर सुचवला होता: ‘काठी, दगड, कणीस फेकू नये. कुत्रा आणून देईल.’ एका काकांनी तो पुणेरी असल्याचं प्रमाणपत्र दिलं, दुसऱ्यांनी ‘फेकू नये’ऐवजी ‘फेकू नका’ हवं म्हणून पंधरा मिनिटं व्याकरण काढलं, आणि पाटी पुन्हा पुढच्या रविवारवर गेली.

दरम्यान तो लॅब्रेडॉर परत यायला लागला आहे. गळ्याखालचे केस अजून नीट उगवलेले नाहीत, तेवढी पट्टी गुलाबी दिसते. त्याचे मालक आता खांद्याला पिशवी अडकवून येतात, त्यात मुलाच्या जुन्या जीन्सची शिवलेली गुंडाळी असते. काल त्यांनी ती उतारावर फेकली. लॅब्रेडॉर धावला, घेऊन आला, पुन्हा धावला. तिसऱ्या फेरीला गुंडाळी बंड्याच्या पायाशी येऊन पडली. त्यानं ती हुंगली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तिच्यावर डोकं ठेवून झोपला.